दोन बोटं आभाळ

आनेलुसने देलिन्वाच्या चित्राचं कापड फळ्यांच्या जमिनीवर पसरलं. चार कोपऱ्यांवर रंधा, हातोडी, खिळ्यांचा डबा आणि एक दगड ठेवला, उजव्या कडेला लाकडी पट्टी टेकवली आणि पट्टीच्या अंगाने सुरी ओढली. रंगाने ताठरलेलं कापड करकरत कापलं गेलं. दोन बोटं रुंदीची लांब चिंधी सुटून बाजूला झाली. तिच्यात वरच्या टोकाला थोडं आभाळ होतं, मध्ये पाइनचं एक झाड, आणि पार खाली कोबीच्या वाफ्यात वाकलेली एक बाई. बाईची नुसती पाठ आणि गवती टोपीचा काठ. पण ती पाठ कुणाची, हे केन्सकॉफ गावाच्या वर डोंगरातल्या त्या वाडीत कुणीही सांगितलं असतं. देलिन्वाची आई मरून कैक वर्षं झाली होती, तरी तिची वाकण्याची तऱ्हा लोक विसरले नव्हते.

आनेलुसने चिंधी गुंडाळली आणि सरसाच्या भांड्याखालच्या चुलीत सारली. रंग भडकन पेटला, काळा धूर निघाला. त्याने खिडकी उघडली, धूर जाईपर्यंत टोपीने वारा घातला, आणि मग उरलेल्या चित्राला चौकट करायला बसला.

चौकट मात्र त्याने जीव ओतून केली. लाकूड तासून तासून असं गुळगुळीत केलं की हात फिरवताना आपोआप पुढे सरकावा. कोपऱ्यांचे सांधे असे बसवले की कुठून जोडलंय ते शोधावं लागावं. वाडीतल्या प्रत्येक घरात आनेलुसचं दार होतं, त्याच्या खुर्च्या होत्या, आणि वेळ आली की त्यानेच केलेल्या पेटीतून माणूस शेवटचा बाहेर पडे. त्याच्या कामाला नाव ठेवायला कुणाला जागा नव्हती.

दुपारी देलिन्वा आला, नेहमीसारखा गुणगुणत, काखेत कांद्याच्या पातीची जुडी. आनेलुसच्या धाकटीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने हातावर धरलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपे म्हणत.

"कोंपे, जिवंत आहेस का?"

"तुझी पेटी मलाच करायचीय. तोवर मला मरायला फुरसत नाही."

"माझी पेटी जांभळी कर बाबा. आणि तिला चौकट नको ठोकूस, आत घाबरायला होईल."

स्वतःच्याच बोलण्यावर हसत देलिन्वा चित्रासमोर येऊन उभा राहिला. हसू हळूहळू विरलं. त्याची नजर वाफ्यावाफ्यांवरून फिरत उजव्या कडेपाशी गेली आणि तिथे थांबली. आनेलुस रंध्याच्या पात्यातला भुसा काढत राहिला, जो आधीच काढून झाला होता.

देलिन्वाने अंगठा चौकटीच्या कोपऱ्यावरून फिरवला.

"सांधा काय बसवलायस! मुंगीला आत जायचं तर परवानगी मागावी लागेल."

मग त्याने चित्र उचलून डोक्यावर घेतलं आणि तो उतार उतरू लागला. थोड्या वेळाने त्याचं गुणगुणणं पुन्हा ऐकू आलं.

आनेलुस दारात उभा होता. स्वतःच्या हाताने काढलेली आई चित्रातून नाहीशी झाली, आणि याला पत्ता नाही! आणि असल्या माणसाच्या चित्रांसाठी शहरातून गाड्या येतात. त्याला हसू यायला हवं होतं. कांद्याची पात त्याने जरा जास्तच जोरात टेबलावर आपटली.

*

लहानपणी चित्रं काढायचा तो आनेलुस. शाळेच्या भिंतीवर कोळशाने काढायचा, मार खायचा आणि पुन्हा काढायचा. शेवटी पाद्रीबाबांनीच त्याला कागद दिला. त्याने काढलेला पंखवाला संत मिकाएल अजून वरच्या चॅपेलमध्ये टांगलेला होता. पंखांतलं एकेक पीस मोजून घ्यावं असं. त्या वयात देलिन्वाकडे पेन्सिलसुद्धा नव्हती. तो आईच्या मागे वाफ्यांतून फिरायचा आणि आनेलुसची चित्रं बघायला आला की तोंड उघडं टाकून बघायचा. पुढे आनेलुसच्या हातात बापाची करवत आली, आणि चित्रं संत मिकाएलपाशीच थांबली.

देलिन्वाने ब्रश धरला तेव्हा त्याच्या कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते. एका वादळात त्याच्या आईचं शेत डोंगरावरून खाली घसरलं. बांध, माती, कोबी, सगळं दरीत गेलं. मागे लालसर खडक उरला. आई त्या धसक्यातून उठली नाही. तिची पेटी आनेलुसने केली, आणि पेटीचा उरलेला रंग देलिन्वा मागून घेऊन गेला. थोडा जांभळा, थोडा पांढरा, थोडा निळा. काही दिवसांनी तो एक मोडकं दार पाठीवर घेऊन आला. दारावर शेत होतं.

"असंच होतं ना रे ते?" त्याने विचारलं.

आनेलुसला तेव्हा खूप हसू आलं होतं.

"अरे, झाडाचं खोड आधी काढायचं, मग फांद्या, मग पानं. तू आधी धुकं काढलंस आणि झाडं नंतर त्यात खोचलीस. आणि डोंगर जांभळा असतो का कधी?"

"तूच तर जांभळा दिलास."

ती गोष्ट आनेलुसने वाडीभर रंगवून सांगितली. बाजाराच्या वाटेवर बायका देलिन्वाला "काय रे, जांभळा डोंगर, कुठे निघालास?" म्हणून चिडवायच्या आणि तोही हसायचा. मग पेत्यॉनव्हिलहून मादाम व्हाल्कूर आल्या. त्यांचं तिथे चित्रांचं दुकान होतं. त्यांनी ते दार गाडीच्या टपावर बांधून नेलं. त्यानंतर ती गोष्ट सांगायचं आनेलुसने बंद केलं.

तरीही सुरी त्याने लगेच उचलली नव्हती. बरीच वर्षं तो देलिन्वाच्या चित्रांना निमूट चौकटी करत होता. देलिन्वा कापड घरच्या भिंतीवर खिळे ठोकून रंगवायचा आणि गुंडाळून आणून द्यायचा. चौकट केवढी, कशी, ते आनेलुसने ठरवायचं. मग गेल्या वर्षी एका सकाळी क्लेमेन, त्याची बायको, कॉफीचा कप घेऊन कारखान्यात आली आणि भिंतीशी टेकवलेल्या एका चित्रापुढे थांबली. दरीतून वर येणारं धुकं होतं, आणि त्यात अर्धे बुडालेले पाइन. ती इतका वेळ थांबली की कॉफीवर साय धरायची बाकी राहिली. तिने मोकळ्या हाताने दुसरा दंड चोळला.

"बघ रे," ती म्हणाली, "काटा आला. ओलं लागल्यासारखं झालं अंगाला."

"कॉफी दे इकडे."

"कसं करतो रे तो हे?"

"पांढऱ्यात थोडा निळा घातला की झालं."

"मग तू का नाही घालत?"

टोमणा असता तर आनेलुसने परतवला असता. पण ती खरंच विचारत होती. त्याने तिच्यासाठी पलंग केला होता, कपाट केलं होतं, कपड्यांसाठी शिसवीची पेटी केली होती. ती त्या वस्तू रोज पुसायची. त्यांच्यापुढे उभं राहून तिने कधी दंड चोळला नव्हता.

ती गेल्यावर त्याने ते कापड जमिनीवर घेतलं. धुक्यातून वर आलेलं शेवटचं झाड, जे बघताना तिचे डोळे बारीक झाले होते, तेवढंच कापलं.

तेव्हापासून प्रत्येक चित्रातून काही ना काही जाऊ लागलं. कधी दोन बोटं, कधी चार, एकदा तर वीतभर. कुठे कापायचं याचा त्याला विचार करावा लागत नसे. तो चित्रावर नजर फिरवायचा, आणि एखाद्या जागी आल्यावर बरगडीच्या खाली बारीकशी कळ उठायची. हे मला सुचलं नसतं, अशी ती जागा. तिथे पट्टी टेकवायची. बस.

*

मादाम व्हाल्कूर आल्या त्या दिवशी सकाळपासून आभाळ स्वच्छ होतं. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मोठ्या शहरात देलिन्वाच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. त्यासाठी चित्रं निवडायला त्या स्वतः वर आल्या होत्या. गाडी चॅपेलपर्यंतच चढली. पुढे त्या बूट चिखलात भरवत चालत आल्या. देलिन्वाने चित्रं अंगणात कुंपणाला टेकवून ठेवली होती. उचलाउचल करायला त्याने आनेलुसला बोलावलं होतं.

मादाम चित्रांसमोरून एकदा गेल्या, मग उलट आल्या. मग चष्मा काढून हातात धरला.

"देलिन्वा, एक विचारू? रागावणार नाहीस?"

"तुमच्यावर रागावून खाऊ काय, मादाम?"

"पूर्वी तू डोंगर काढायला लागलास की थांबायचाच नाहीस. एक डोंगर झाला की दुसरा, मग बकऱ्या, मग चॅपेल, मग कोबी. बघणाऱ्याला धाप लागायची. गेल्या वर्षभरात तुझ्या हाताला काहीतरी झालंय. चित्र आता संपायला हवं त्याच्या किंचित अलीकडे संपतं. वाटतं, आपण एक पाऊल पुढे टाकलं तर पलीकडचं दिसेल. हे तुला कुणी शिकवलं?"

आनेलुसच्या हातात एक चित्र होतं. त्याने ते खाली ठेवलं नाही.

देलिन्वाने हनुवटी खाजवली. त्याने आनेलुसकडे बघितलं नाही.

"शिकायला मी शाळेत कधी गेलो, मादाम? डोंगरच शिकवतो. म्हातारपणी हात दमतो, म्हणून लवकर थांबत असेल."

मादाम हसल्या. मग जायला निघताना त्यांनी विचारलं, "चौकटी कुणाच्या?"

"या माझ्या कोंपेच्या. आनेलुस."

"छान आहेत," त्या म्हणाल्या. पाणी आणून देणाऱ्याला म्हणावं, तसं.

आनेलुस घरी आला तो मागच्या वाटेने. क्लेमेनने मक्याची भरड आणि घेवड्याची आमटी वाढली. त्याने चमचा आमटीत फिरवला आणि तसाच ठेवून दिला.

"पोटात दुखतंय का?" तिने विचारलं.

"दुखतंय."

"मग झोप जा. देलिन्वाकडे काही खाल्लंस का?"

"त्याच्याकडे मी काय खाणार? तोच मला खातोय," आनेलुस म्हणाला, आणि ती बघतच राहिली तेव्हा अंगणात निघून गेला.

तिथे उभं राहून तो खाली केन्सकॉफच्या दिशेने बघत होता. मादाम ज्याची वाखाणणी करत होत्या, ते त्याचं होतं. त्याच्या सुरीचं. आणि ते देलिन्वाने हनुवटी खाजवत आपल्या खिशात घातलं होतं. ओरडून सांगावं, तर काय सांगायचं? मी याची आई कापून चुलीत घातली, म्हणून तुम्हाला चित्र आवडलं? दुसऱ्याचं चांगलं बघून जळणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आता स्वतःचंच काहीतरी दुसऱ्याच्या अंगावर शोभताना बघायचं होतं.

मग त्याला एक गोष्ट सुचली, आणि किती तरी दिवसांनी बरं वाटलं. यापुढे सुरी लावायची नाही. मादामना कळू दे डोंगर काय शिकवतो ते.

*

प्रदर्शनासाठीचं मोठं चित्र देलिन्वाने खांद्यावर ओंडक्यासारखं आणलं.

"यात सगळं आहे, कोंपे," तो म्हणाला. "सांभाळून कर."

खरोखर सगळं होतं. डावीकडे शेताचे बांध, एकावर एक. त्यांत वाकलेली आई. बकरी, तिचं पिल्लू. कोबीची ओझी डोक्यावर घेऊन बाजाराला उतरणाऱ्या बायका. चॅपेल, कबरी, पाइनचं रान, तीन डोंगर, त्यांच्यामागे अजून एक. आणि अगदी उजवीकडे, धुक्यात, एक घर आणि त्याच्या छपरातून निघणारा धूर. जत्रा भरावी तशी दाटी होती. आनेलुसने मान डोलावली. खड्ड्याकडे चाललेल्या माणसाला हाक न मारण्यात जो आनंद असतो, तो घेत त्याने लाकडं जोडून पूर्ण मापाचा सांगाडा केला, कापड काठोकाठ ताणलं, एक दोरासुद्धा वाया जाऊ दिला नाही. काम करताना त्याने चित्राकडे बघायचं टाळलं. चौकटीला शेवटचा हात फिरवताना मात्र त्याच्या लक्षात आलं की आपण आज नेहमीसारखी शीळ घालत नाही आहोत.

देलिन्वा आला, चित्रासमोर उभा राहिला आणि गुणगुणायचा थांबला. तो डावीकडून उजवीकडे चालत गेला, परत आला. मग कोपऱ्यात अर्धवट झालेली एक पेटी होती, तिच्या काठावर बसला.

"कोंपे," तो म्हणाला, "या वेळी कापलं नाहीस."

आनेलुसच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"माझं काही चुकलं का? कुणी शिकवलं असं मादामनी विचारलं तेव्हा तुझं नाव घेतलं नाही, म्हणून रागावलास?"

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"म्हणजे काय? माझीच चित्रं ना ती. पहिल्यापासून." देलिन्वाने पेटीच्या फळीवर बोटाने टकटक केलं. "पहिल्यांदा ते झाड गेलं, तेव्हा कोयता घेऊन निघालो होतो. देवाची शपथ. तुझ्या कुंपणापाशी आलो. क्लेमेन धुणं वाळत घालत होती, मला म्हणाली, या, कॉफी घ्या. आता हातात कोयता घेऊन कॉफी कशी घेणार? परत गेलो. म्हटलं, भांडायच्या आधी एकदा नीट बघून घेऊ, काय काय नेलंय ते. भिंतीला टेकवून समोर बसलो. आणि काय सांगू तुला. इतकी वर्षं तो डोंगर काढतोय, त्या दिवशी पहिल्यांदा तो श्वास घेताना दिसला."

आनेलुसने फडक्याची घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

"मला कापता येत नाही, कोंपे. एक वाफा सोडायचा म्हटलं तरी वाटतं, म्हातारी विचारेल, तो कुठे घालवलास? एकदा सगळं दरीत गेलंय ना. म्हणून मी सगळं भरत बसतो. कडेला तर मुद्दाम जास्त भरतो हल्ली, तुला घ्यायला असावं म्हणून."

"तुझी आई..." आनेलुसने चुलीकडे पाहिलं. "ती मी..."

"ती चित्रातून गेली तेव्हा दोन दिवस तुझं तोंड बघू नये असं वाटलं. मग काय. ती नसली की तो वाफा जास्त तिचा दिसायला लागला." देलिन्वाने खांदे उडवले. "तुला डोळा आहे. लहानपणापासून आहे. मादामना सांगितलं असतं, पण तू हे गुपचूप करतोस, म्हणजे चारचौघांत नको असेल तुला, असं वाटलं."

"देलिन्वा, ऐक. मी ते चांगलं व्हावं म्हणून..."

देलिन्वाने हात वर केला. चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं.

"का कापलंस ते मला सांगू नकोस," तो म्हणाला. "मी विचारलंय का? याचं काय करायचं, तेवढं सांग. मादामची गाडी यायचीय."

दोघांनी मिळून चौकट सोडवली. खिळे एकेक करून काढले, कापड मोकळं करून जमिनीवर पसरलं. कोपऱ्यांवर ठेवायला देलिन्वाने रंधा आणि दगड आणून दिले. मग तो दाराकडे निघाला.

"कुठे चाललास?"

"मला बघवत नाही. बकरं कापतात तेव्हाही मी बाहेरच थांबतो."

तो अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला. थोड्या वेळाने बारीक आवाजात गुणगुणू लागला.

आनेलुस सुरी आणि पट्टी घेऊन चित्रापाशी गुडघ्यांवर बसला. आज त्याला खरंच चांगलं कापायचं होतं. त्याने पट्टी चॅपेलपाशी ठेवून पाहिली, कबरींपाशी, बायकांच्या रांगेपाशी. डोळे मिटून पाहिले, उघडून पाहिले. सगळंच ठीक होतं. सगळंच जाऊ शकलं असतं आणि सगळंच राहू शकलं असतं. इतक्या वेळा आपसूक चाललेला हात लाकडासारखा झाला होता. लहानपणी संत मिकाएलच्या पंखांत एकेक पीस भरताना लागला होता, तसा जोर तो लावत होता, आणि काहीच दिसत नव्हतं.

मग त्याची नजर त्या घराच्या धुरावर गेली. पांढऱ्या धुक्यात पांढराच धूर, तरी वेगळा, तरी उबदार. आत कुणीतरी नुकती चूल पेटवली आहे हे कळत होतं. हे कसं केलं त्याने? पांढऱ्यात निळा घालून हे झालं नसतं. क्लेमेन यापुढे उभी राहिली असती, आणि पुन्हा दंड चोळला असता.

कळ आली. त्याच जागी, बरगडीखाली, जुनी ओळखीची कळ. त्याला लाज वाटली. आता, हे सगळं ऐकल्यावरसुद्धा? पण लाजेने ती जाईना. उलट तिच्या उजेडात अख्खं चित्र लख्ख दिसू लागलं: बांध, वाकलेली आई, उतरणारी वाट, आणि वाट जिथे धुक्यात शिरते ती जागा.

"झालं का रे?" बाहेरून देलिन्वाने विचारलं.

"नाही अजून," आनेलुस म्हणाला.

त्याने पट्टी धुराच्या अलीकडे टेकवली, तळहाताने घट्ट दाबून धरली आणि सुरी ओढली. कापड करकरलं. बाहेरचं गुणगुणणं थांबलं.